दाढीची झारी आणि गेलेली मिशी

माझे वडील जिवंत असताना मी मिशी काढली. ही गोष्ट आमच्याकडे अजून सांगितली जाते, आणि दर वेळी तिच्यात थोडी भर पडते. कुणी म्हणतं, नव्या साहेबाला खूश करायला काढली. कुणी म्हणतं, बापाशी शेतावरून भांडण झालं होतं. आत्याच्या गावी तर मी डोकंही भादरून घेतलं होतं असं सांगतात. म्हणून जे झालं ते एकदा क्रमाने लिहून ठेवतो. माफी मागायला लिहीत नाही. तेव्हा मागितली नाही, आता मागायचं कारण नाही.

भोपाळ राजधानी झाली त्याच्या पुढच्या वर्षीची, म्हणजे सत्तावन सालची ही गोष्ट. तोवर आमचे सरकारी कागद नागपूरला जायचे, ते आता भोपाळला जाऊ लागले होते. मी बुऱ्हाणपुरात एका शाळेत गणिताचा मास्तर होतो. वय बेचाळीस. घरी बायको आणि मी. मुलगी लग्न होऊन गेली होती. वडील आणि थोरला भाऊ देडतलाईला शेती बघायचे. वेगवेगळ्या प्रांतांतले नोकर एका यादीत बसवायचं काम वर चाललं होतं, आणि ज्यांना मुंबई राज्यात जायचं होतं ते नागपूरकडचे साहेब सामान बांधत होते. त्यांतल्या एका साहेबांच्या मुलाला मी दोन वर्षं बीजगणित शिकवलं होतं. जायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला बोलावून एक वस्तू हातात दिली.

"मास्तर, ही तुम्ही घ्या. कड फुटली आहे, नागपूरपर्यंत टिकायची नाही."

ती दाढीची झारी होती. हा शब्द माझा; तिला आपल्याकडे नाव नाही. पांढऱ्या चिनी मातीचं भांडं, आकाराने चहाच्या किटलीसारखं, पण तोटी एवढी रुंद की तिच्यातून दाढीचा ब्रश सरळ आत जावा. पोटात कढत पाणी ओतायचं. वर झाकणाच्या जागी एक खोलगट वाटी, तिच्यात साबणाची वडी, आणि वाटीच्या तळाला निथळायला चार भोकं. तोटीतून ब्रश बुडवायचा, वरच्या वाटीत साबणावर फिरवायचा, की गरम फेस. खालच्या पाण्याने वरची वाटी तापलेली राहते, त्यामुळे फेस निवत नाही.

बेचाळीस वर्षांच्या आयुष्यात मी कधी गरम पाण्याने दाढी केली नव्हती. इतवारा पेठेत आमचा न्हावी होता. बुधवारी आणि रविवारी त्याच्यापुढे बसायचं, तो वाटीतल्या गार पाण्याने गालाला साबण लावायचा, वस्तरा फिरवायचा आणि वरून तुरटी. माझी दाढी राठ. घरी येईपर्यंत मान लाल व्हायची. हे असंच असतं, असं मी पंचवीस वर्षं समजत होतो.

झारी आली आणि मी घरीच दाढी करू लागलो. मला मोजायची सवय आहे, तेव्हा तेही मोजलं. पाणी उकळून उतरवायचं, दोन मिनिटं थांबायचं, मग ओतायचं; लगेच ओतलं तर चिनी माती तडकते. फेस अकरा मिनिटं ऊन राहतो. माझी दाढी नऊ मिनिटांत होते. एक पातं चौदा दाढ्या चालतं, पंधराव्याला ओढतं. मान लाल होणं तिसऱ्या दिवशी बंद झालं. मी रोज दाढी करू लागलो, शनिवार नाही, अमावास्या नाही, काही पाळलं नाही. बायको म्हणाली, "एवढी हौस तरुणपणी नव्हती." मी म्हटलं, "तरुणपणी झारी नव्हती."

तिने त्या भांड्याला हात लावायचा नाही असं ठरवलं होतं. किटलीत साबण ही कल्पना तिला सहन होत नव्हती. पाणी मीच तापवायचो.

आता मिशीचं. आमच्या शेतकरी घरांत बाप जिवंत असेपर्यंत मुलगा मिशी काढत नाही. बाप गेला की तापीच्या घाटावर न्हावी बसतो आणि मुलाची मिशी उतरवतो. एवढंच. याचं कारण कुणी कधी सांगत नाही, पण रस्त्याने जाणाऱ्या माणसाचा वरचा ओठ उघडा दिसला की लोकांना बातमी कळते. माझी मिशी सतराव्या वर्षी आली आणि तेव्हापासून ती होती, एवढंच मला तिच्याबद्दल सांगता येईल. मी तिला कधी पीळ दिला नाही.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडायची त्या सकाळी गारठा होता. मी फेस नेहमीपेक्षा दाट केला. न्हाव्याचा फेस पातळ असतो, मिशीच्या कडेला तो बोटाने पुसून रेघ ठेवतो. झारीचा फेस उभा राहतो. त्यात मिशीचं डावं टोक झाकून गेलं आणि माझं पातं त्याच्यावरून गेलं.

इथवर काही बिघडलं नव्हतं. डावीकडून थोडी गेली, तर उजवीकडून तेवढी काढायची. मी फेस पुसला आणि शाळेची पट्टी घेतली. त्या वर्षी नवे पैसे आले होते, मीटर-सेंटिमीटर येणार म्हणून शाळेला नव्या पट्ट्या मिळाल्या होत्या: एका कडेला इंच, प्रत्येक इंचाचे दहा भाग, दुसऱ्या कडेला सेंटिमीटर, त्याचेही दहा भाग. नाकाच्या मध्यापासून मोजलं. डावी मिशी उरली होती नऊ रेघा. मग आरशात बघत पट्टी उजवीकडे फिरवली, नऊ रेघा मोजल्या, आणि कात्री चालवली.

पट्टी फिरवताना तिची कड बदलली होती. डावीकडे मी इंचाच्या रेघा मोजल्या होत्या, उजवीकडे सेंटिमीटरच्या. उजवीकडे नखाएवढं काही तरी उरलं.

हीच चूक करू नका म्हणून मी दिवाळीआधी महिनाभर सातवीच्या वर्गाला ओरडत होतो.

मग डावीही तेवढीच केली, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. दोन्ही बाजू समान झाल्या. नाकाखाली माशी बसल्यासारखं दिसत होतं. महायुद्धाच्या वर्षांत तसं एक तोंड रोज वर्तमानपत्रात छापून यायचं. ते घेऊन मुलांपुढे उभं राहणं मला शक्य नव्हतं. झारीत पाणी अजून ऊन होतं. ब्रश बुडवला, वरच्या ओठाला फेस लावला आणि उरलेलं काढून टाकलं.

एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहायला हवी. तो गरम फेस ओठाला लागला तेव्हा फार बरं वाटलं.

बायको चहा घेऊन आली आणि दारातच थांबली. "अगं बाई! तार आली का?"

"कसली तार?"

"मामाजी..." असं म्हणून तिने पदर तोंडाला लावला. माझ्या वडिलांना ती मामाजी म्हणते.

"चार दिवसांपूर्वी तू त्यांनी दिलेल्या करंज्या घेऊन आलीस. चांगले आहेत ते. माझ्याकडून चूक झाली."

तिला समजायला थोडा वेळ लागला. समजल्यावर मात्र ती रडण्यापेक्षा जास्त जोरात बोलली. "आज जाऊ नका शाळेत. रजा टाका. लोक काय समजतील?"

"लोकांना विचारता येतं. मी सांगेन."

"किती जणांना सांगाल?"

"जेवढे विचारतील तेवढ्यांना."

पण आमच्या लोकांत ही गोष्ट कुणी विचारत नाही. तिथेच माझा हिशेब चुकला. डोक्यावर टोपी होती, म्हणून केस आहेत की नाहीत ते दिसत नव्हतं. दिवाळीला मी गावी गेलो होतो हे सगळ्यांना माहीत होतं. इतवाऱ्यातून जाताना लोक उठून उभे राहिले. एका केळीच्या आडत्याने हात जोडले. मी थांबून म्हटलं, "तसं काही नाही हो, वडील बरे आहेत." तो म्हणाला, "आता बरेच आहेत, मास्तरसाब. सुटले."

न्हाव्याने मला पाहून हातातलं गिऱ्हाईक तसंच सोडलं आणि रस्त्यावर आला. "मास्तरसाब, दाढीला येणं सोडलं, मी काही बोललो नाही. पण हे काम? हे तरी माझ्या हातून व्हायला पाहिजे होतं. तुमच्या आजोबांच्या वेळी माझे वडील घाटावर होते."

"अरे बाबा, माझे वडील जिवंत आहेत."

त्याने माझ्या ओठाकडे नीट पाहिलं. आधी त्याच्या तोंडावर दुःख होतं, मग तिथे दुसरंच काही तरी आलं. "जिवंत आहेत? और आपने..." तो आत गेला आणि गिऱ्हाइकाची मान पुन्हा धरली.

शाळेच्या फाटकात पोचलो तर मुलं मैदानात रांगेने उभी, सगळी गप्प. आमचे चित्रकलेचे मास्तर सायकलवरून माझ्या पुढे गेले होते आणि त्यांनी बातमी पोचवली होती. हेडमास्तर मान खाली घालून उभे होते. माझ्या वडिलांसाठी मौन चाललं होतं. मौन मध्येच मोडणं मला बरं वाटलं नाही, म्हणून मीही उभा राहिलो. घड्याळ पाहिलं. दोन मिनिटांचं म्हणून जाहीर झालेलं मौन एक मिनिट दहा सेकंदांत संपलं.

मग मी पुढे गेलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "आभारी आहे. पण माझे वडील जिवंत आहेत. मी निघालो त्या दिवशी ते कपाशी वेचून घेत होते."

मुलं हसली. हेडमास्तरांना ते आवडलं नाही. "मग मिशी कशाला काढली?"

"माझी होती, साहेब."

चित्रकलेचे मास्तर मागून म्हणाले, "मी सांगतो कशाला. ग्वाल्हेरकडचे नवे इन्स्पेक्टर येणार आहेत ना पुढच्या महिन्यात? त्यांचं तोंड असंच आहे, लोण्यासारखं. यादीत वर जायचं तर आधी तोंड जुळायला नको?"

सगळे हसले. मी खरं कारण सांगितलं असतं, पट्टीचं, तर ते त्याहून जास्त हसले असते. म्हणून सांगितलं नाही. हेडमास्तरांनी बोलावून सुचवलं की मी दोन महिने रजा घ्यावी, मिशी येईपर्यंत. मी म्हटलं, "मिशीसाठी रजेचा नियम कुठल्या पुस्तकात आहे ते दाखवा, मी अर्ज करतो." जुन्या आणि नव्या, दोन्ही राज्यांच्या पुस्तकांत तो नव्हता.

तोवर मिशी चुकीने गेली होती. घरी परत येताना मात्र माझ्या मनात पक्कं झालं की ती आता येणार नाही. ज्याला त्याला माझ्या ओठाबद्दल मत होतं. मलाही एक असावं असं वाटलं.

गुरुवारी सकाळी आबा आले. आबा म्हणजे माझे वडील. वय सत्तरीच्या पुढे, दम्याचे. दर गुरुवारी देडतलाईहून पहिल्या मोटारीने ते वैद्याकडे यायचे, मग आमच्याकडे जेवायचे आणि दुपारच्या मोटारीने परत. त्या गुरुवारी ते ओट्यावरच बसले. बायको पाण्याचा तांब्या घेऊन आली, त्यांनी हाताने बाजूला सारला. पिशवीतून स्वतःचा तांब्या काढला, वर फडकं बांधलेलं. पाणी गावाहून आणलं होतं.

"इकडं ये," त्यांनी मला हाक मारली. "उजेडात ये. पाहू दे."

मी उजेडात उभा राहिलो.

"मी मेलो का रे?"

"नाही, आबा."

"मले तसंच वाटे. पण माही बहीण असीरगडहून रडत आली. संग चार बाया. छाती पिटत दारात आली, अन दार म्या उघडलं. मलेच विचारते, कधी गेला माहा भाऊ?"

मला हसू आलं. ते त्यांनी पाहिलं.

"हस. ती बेशुद्ध पडली, तिले कांदा हुंगवला. शुद्धीवर आली तं मले शिव्या देते, का तू मेला कायले नाही, मी मोटारीत उभी राहून आली."

"चुकीनं गेली, आबा." आणि मी त्यांना पट्टीचं सगळं सांगितलं. जगात फक्त त्यांनाच सांगितलं. त्यांनी नीट ऐकलं.

"चुकीनं गेली तं येईन. तू हिशेबाचा माणूस. किती दिवस लागतीन?"

"सव्वादोन महिने."

"मंग वाढव."

"नाही."

का नाही, असं ते विचारतील म्हणून मी थांबलो. त्यांनी विचारलं नाही. त्यांनी तांब्याचं फडकं सोडलं, दोन घोट पाणी प्यायले, फडकं परत बांधलं. मग खाली बघत म्हणाले, "मी गेल्यावर घाटावर न्हावी काय काढीन? बापाले द्यायले तुह्या तोंडावर एवढीच चीज होती. ती तू साबणात सांडून टाकली."

मी ओट्याच्या कडेला टेकलो.

"मिशी येत नाही तंवर तुह्या घरचं पाणी मले नको," ते म्हणाले. "अन तुह्या घरात पाय नको."

ते बोलले तसंच वागले. पण गुरुवार त्यांनी सोडला नाही. दर आठवड्याला पहिल्या मोटारीने यायचे, ओट्यावर बसायचे, फडक्यातली भाकरी खायचे, गावचं पाणी प्यायचे. सगळी गल्ली बघायची. बायको आतून विनवायची, "मामाजी, निदान चहा." ते म्हणायचे, "सूनबाई, तुही काही चूक नाही." हे ते मला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणायचे.

बायकोने माझ्याशी बोलणं कमी केलं. "दोन महिन्यांचा प्रश्न आहे," ती म्हणायची, "बाप आहे तो. बाहेर बसून भाकरी खातो." मला दिसत होतं. गुरुवारी मी न जेवता शाळेत जायचो. पण मान खाली घालून मिशी वाढवायची आणि सव्वादोन महिन्यांनी इतवाऱ्यातून मिरवायची, हे माझ्याच्याने होणार नव्हतं. मी उलट केलं. गुरुवारी सकाळी झारी घेऊन मीही ओट्यावर आलो. आबा एका टोकाला, मी दुसऱ्या. मध्ये दोन हात जागा. आरसा खांबाला टांगला आणि गल्लीदेखत, त्यांच्यादेखत, दाढी करू लागलो. आमच्याकडे गुरुवारी दाढी करत नाहीत. तेही त्यांना कळावं.

पहिल्या गुरुवारी ते पाठ करून बसले. दुसऱ्या गुरुवारी अर्धी पाठ. तिसऱ्याला त्यांनी विचारलं, "ही किटली कुठली?"

"नागपूरकडच्या साहेबांची. ते गेले."

"साहेब गेला, अन ही ब्याद ठेवून गेला." थोड्या वेळाने हात लांब करून त्यांनी तिच्या पोटाला बोट लावलं. लगेच काढलं नाही. "ऊन आहे."

"अकरा मिनिटं राहते."

त्यांच्या गालावर आठवड्याची पांढरी खुंटं होती आणि मध्ये मध्ये कापल्याच्या खुणा. गावचा न्हावी म्हातारा झाला होता, त्याचा हात थरथरायचा. मी म्हटलं, "आबा, बसा समोर. मी करतो. फक्त दाढी, मिशीला हात लावत नाही."

"पाणी तुह्याच घरचं ना?"

"हो."

"मंग?"

"प्यायचं नाही, लावायचं आहे."

त्यांनी गालाच्या खुंटांवरून हात फिरवला. मला वाटलं, मानतील. "नको," ते म्हणाले. "आज लावीन, उद्या पिईन. तू मास्तर आहे, एकाचे दोन करणं तुले येते."

असे बारा गुरुवार गेले. सव्वादोन महिने केव्हाच उलटले होते. माघातल्या तेराव्या गुरुवारी पहिल्या मोटारीने ते आले नाहीत. दुपारच्या मोटारीने थोरला भाऊ त्यांना घेऊन आला, दोन घोंगड्यांत गुंडाळून. तीन दिवसांचा ताप होता आणि छाती भरली होती. देडतलाईला डॉक्टर नव्हता. घरात पाय ठेवायचा की नाही हे विचारायच्या अवस्थेत ते नव्हते. आम्ही त्यांना उचलून पुढच्या खोलीत खाटेवर ठेवलं.

डॉक्टर आले, छाती तपासली, सुई दिली. बाहेर येऊन म्हणाले, "दोन्ही बाजूंना आहे. वय बघता काही सांगता येत नाही. चार दिवस जाऊ द्या."

आबा शुद्धीवर होते. बायकोने पाणी पुढे केलं, त्यांनी तोंड फिरवलं. शंभराच्या वर तीन ताप असलेला माणूस तोंड फिरवत होता. मग ती शेजारच्या घरून तांब्या भरून आणू लागली. ते त्यांनी घेतलं. त्या चार दिवसांत तिने शेजारच्या घराच्या किती खेपा केल्या ते मी मोजलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चुलीवर पाणी ठेवत होतो. भाऊ स्वयंपाकघरात आला. माझ्याहून सात वर्षांनी मोठा, त्याला दादा म्हणतो. आजवर तो यात काही बोलला नव्हता.

"डॉक्टर काय म्हणाले ऐकलंस ना?"

"ऐकलं."

"मग आता तरी थांब. आजपासून वरच्या ओठाला पातं लावू नको. आठ-दहा दिवस मिळाले तरी खुंट येतील. वस्तऱ्याला काही तरी लागलं पाहिजे. लोकांसाठी नाही सांगत, त्यांच्यासाठी सांगतो. त्यांच्या मनात तेवढंच एक आहे."

तो चुकीचं बोलत नव्हता. गेले तीन महिने मी ज्याला उत्तर देऊ शकलो नव्हतो तेच तो बोलत होता. मी पाण्याकडे बघत राहिलो. आणि मग मला दिसलं की आपण काय करणार आहोत.

"दादा, ते खाटेवरून दिवसभर काय बघतात?"

"काय बघणार? पडून असतात."

"माझ्या ओठाकडे बघतात. गुरुवारी बघायचे, आताही बघतात. उद्या तिथे काळं दिसलं, परवा जास्त दिसलं, तर ते काय समजतील? मुलाला सुबुद्धी झाली असं? ते समजतील, डॉक्टरनं यांना सांगितलं, आणि हा तयारीला लागला."

दादाने पुढच्या खोलीकडे पाहिलं.

"तीन महिने सगळ्यांनी सांगितलं तेव्हा मी वाढवली नाही," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता, पुढच्या खोलीत जात असणार हे माहीत होतं, तरी मी तो खाली आणला नाही. "आता वाढवायची ती कशासाठी? घाटावर काढायला. म्हणजे ते इथे खोकतात आणि मी इथे बसून त्यांच्यासाठी केस उगवतो. मी ते करणार नाही. घाटावर न्हाव्याला काही मिळालं नाही तर नाही मिळालं. पण हा माणूस जिवंत आहे तोवर मी त्याच्या मरणाची मिशी वाढवणार नाही. गावाला सांग. आत्याला सांग."

पाणी उकळलं होतं. बायको दारात उभी होती. ती पुढे आली, पातेलं उतरवलं, दोन मिनिटं थांबली, आणि झारीत पाणी ओतलं. तिने त्या भांड्याला पहिल्यांदा हात लावला. किती थांबायचं ते तिला माहीत होतं.

मी आरसा पुढच्या खोलीत नेला, खाटेच्या पायथ्याशी खिडकीत टेकवला, आणि आबांना नीट दिसेल असा बसून दाढी केली. ते डोळे उघडे ठेवून बघत होते. तिसऱ्या दिवशीही तसंच. चौथ्या दिवशीही.

पाचव्या दिवशी सकाळी अंगाला हात लावला तर घाम होता आणि ताप उतरला होता. मी फेस करत होतो. आबांनी मान वळवली.

"सूनबाई, पाणी."

बायकोने तांब्या उचलला आणि नेहमीप्रमाणे बाहेर निघाली.

"कुठं चालली?" आबा म्हणाले. "घरातलं आटलं का?"

ती उंबऱ्यात थांबली. माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली नाही, काही नाही. मला भीती वाटत होती की मी काही केलं तर ते बदलतील. ती आत गेली आणि माठातलं पाणी घेऊन आली. दादाने त्यांना मागून धरून बसवलं. त्यांनी तांब्या दोन्ही हातांनी धरला आणि सगळा संपवला, मध्ये दोनदा थांबून, दम घेऊन. मग हाताच्या पालथ्या बाजूने स्वतःची पांढरी मिशी पुसली, डावीकडून उजवीकडे, सावकाश, आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

"वाईट दिसतो तू," ते म्हणाले. "बिनभिंतीच्या घरावाणी."

"दिसू द्या," मी म्हटलं, आणि वरच्या ओठाला फेस लावला.